फोटोची मागची बाजूही जपा: ससेक्समधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

प्रति,
ब्रायटन, होव्ह, क्रॉली, वर्दिंग, ईस्टबोर्न आणि आसपासच्या गावांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे व मंडळे

सप्रेम नमस्कार.

ससेक्सच्या जुन्या फोटोंची ओळख पटवण्याचे काम करणारे आम्ही काही जण हे पत्र मुद्दाम मराठीत लिहीत आहोत. तुमच्यापैकी अनेकांनी इथे शंभर-सव्वाशे वर्षांची घरे घेतली आहेत. माळ्यावर, जिन्याखालच्या कपाटात, बागेतल्या शेडमध्ये आधीच्या मालकांचे डबे राहिलेले असतात आणि त्यांतून फोटो निघतात. शेजारच्या आजींचे घर रिकामे होते तेव्हा निघतात. रविवारच्या कार-बूट बाजारात बुटाच्या खोक्यातून पाउंड-दोन पाउंडाला मिळतात. पुढे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मोबाइलवर त्या फोटोचा फोटो निघतो, कडा कापल्या जातात, एखादे अ‍ॅप त्यात रंग भरते आणि ‘जुने ब्रायटन, १९००’ एवढी ओळ टाकून तो ग्रुपवर फिरू लागतो. मूळ प्रिंट रद्दीत जाते.

आमचे मागणे एकच आहे. फोटो आणि त्याची माहिती यांची ताटातूट करू नका. फोटोत काय दिसते याच्याइतकेच तो कुठे सापडला, कोणत्या डब्यात होता, मागे काय लिहिले आहे, पुठ्ठ्यावर कोणाचे नाव छापले आहे, हे महत्त्वाचे असते. हे एकदा गेले की परत मिळत नाही.

ससेक्सचा फोटोंशी संबंध फार जुना आहे. विल्यम कॉन्स्टेबल यांनी ब्रायटनच्या मरीन परेडवर १८४१च्या नोव्हेंबरमध्ये आपला स्टुडिओ उघडला, तेव्हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर फोटो काढत. १८४२च्या मार्चमध्ये प्रिन्स अल्बर्ट त्यांच्यासमोर बसले. लुईसच्या हाय स्ट्रीटवर एडवर्ड रीव्ह्ज यांनी १८५०च्या दशकात सुरू केलेला स्टुडिओ त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालवला आणि काचेच्या निगेटिव्ह नोंदवह्यांसकट सांभाळल्या. त्या संग्रहाचे खरे मोल वह्यांमुळे आहे. निगेटिव्हचा क्रमांक वहीत शोधला की गिऱ्हाईक सापडते, तारीख सापडते. पश्चिमेकडे पेटवर्थच्या जॉर्ज गार्लंड यांनी १९२०च्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षे शेतीची कामे, जत्रा, शिकारी, शाळा टिपल्या. त्यांच्या निगेटिव्ह आज चिचेस्टरच्या वेस्ट ससेक्स रेकॉर्ड ऑफिसमध्ये, म्हणजे काउंटीच्या अभिलेखागारात, आहेत. तुमच्या डब्यातला एखादा सुटा फोटो अशाच कुठल्यातरी मालिकेतला असू शकतो, आणि ते फक्त मागच्या क्रमांकावरून कळते.

आता तारखेकडे येऊ, कारण सर्वात जास्त चुका तिथे होतात. ‘साधारण १९००’ ही ओळ आम्हाला इतक्या वेळा दिसते की तिचा अर्थ ‘माहीत नाही’ असाच घ्यावा लागतो. खरे तर ब्रायटनचा समुद्रकिनारा फोटोत असेल तर तारीख बरीच आवळता येते. चेन पिअर, म्हणजे समुद्रात आत गेलेला साखळ्यांचा धक्का, १८२३ साली खुला झाला आणि ४ डिसेंबर १८९६च्या रात्रीच्या वादळात वाहून गेला. पॅलेस पिअरचे बांधकाम १८९१ साली सुरू झाले आणि १८९९च्या मे महिन्यात तो लोकांसाठी उघडला. म्हणजे समुद्रात उभे केलेले नवे लोखंडी खांब आणि त्यांच्या पूर्वेला साखळ्यांनी टांगलेला चार मनोऱ्यांचा जुना पिअर, हे दोन्ही एकाच फोटोत दिसले तर तो फोटो १८९१ ते डिसेंबर १८९६ या सुमारे पाच वर्षांतलाच. अंदाजाची गरजच नाही. नुसता चेन पिअर दिसतो आणि किनाऱ्याला लागून व्होल्क यांच्या विजेच्या गाडीचे रूळ आहेत? मग ऑगस्ट १८८३ नंतरचा. पश्चिमेचा वेस्ट पिअर १८६६ सालचा. त्याच्या टोकावरचा मोठा मंडप १८९३चा, आणि मधला कॉन्सर्ट हॉल १९१६चा. मंडप आहे पण हॉल नाही, तर १८९३ ते १९१६. पिअरचा मधला भाग तोडून फट ठेवलेली दिसली तर १९४०चा उन्हाळा किंवा त्यानंतरची युद्धाची वर्षे; जर्मन सैन्य उतरेल या भीतीने दोन्ही पिअर मधून तोडले होते. रस्त्यावर ट्राम असेल तर नोव्हेंबर १९०१ ते ऑगस्ट १९३९. रेल्वेच्या रुळांशेजारी विजेचा तिसरा रूळ असेल तर ब्रायटनच्या मुख्य मार्गासाठी १९३३च्या आसपासचा किंवा नंतरचा.

किनाऱ्याबाहेरही अशा खुणा आहेत. चिचेस्टर कॅथीड्रलचा मनोरा २१ फेब्रुवारी १८६१ रोजी कोसळला आणि नवा १८६६ साली पूर्ण झाला, त्यामुळे मनोऱ्याविना कॅथीड्रल दिसणारा फोटो त्या पाच वर्षांतला. बीची हेडच्या कड्याखाली लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह दिसले तर १९०२ नंतरचा. चँक्टनबरी रिंगवर बीचची दाट राई असेल तर १९८७च्या ऑक्टोबरमधल्या वादळाआधीचा. त्या एका रात्रीत टेकडीवरची बहुतेक झाडे आडवी झाली.

पोस्टकार्डांची गोष्ट थोडी वेगळी. एका बाजूला फक्त पत्ता आणि दुसऱ्या बाजूला चित्राशेजारी चिंचोळ्या जागेत मजकूर, अशी कार्डे साधारण १९०२ आधीची. त्या वर्षीपासून पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला लिहायला परवानगी मिळाली. जून १९१८ पर्यंत देशांतर्गत कार्डाला अर्धा पेनी लागायचा, नंतर एक पेनी. पण टपालाचा शिक्का कार्ड कधी पाठवले ते सांगतो, फोटो कधी काढला ते सांगत नाही. दुकानदार तीच निगेटिव्ह दहा-दहा वर्षे छापत. चेन पिअरची कार्डे तो वाहून गेल्यावरही विकली जात होती. म्हणून शिक्क्याची तारीख ‘याच्या आधीचा’ एवढ्याच अर्थाने घ्यावी. कार्डाच्या कोपऱ्यात बारीक क्रमांक असेल, हेस्टिंग्जच्या जजेस कंपनीच्या कार्डांवर हमखास असतो, तो कापू नका. स्कॅन करताना कड दिसेल अशी जागा सोडा.

स्टुडिओतले माणसांचे फोटो, पुठ्ठ्यावर चिकटवलेले, मुख्यतः दोन मापांचे. लहान पुठ्ठा अडीच इंच बाय चार इंच, हा १८६०च्या दशकापासून. मोठा कॅबिनेट पुठ्ठा सव्वाचार बाय साडेसहा इंच, १८६०च्या दशकाच्या अखेरीपासून. पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांचा पुठ्ठा सहसा जुना, जाड आणि गोल कोपऱ्यांचा नंतरचा, पण निव्वळ एवढ्यावर विसंबू नये. खरा पुरावा मागचा पत्ता. स्टुडिओ जागा बदलत असत आणि केली किंवा ब्रायटनच्या पाइक यांच्या वार्षिक डिरेक्टऱ्यांत दरवर्षीचा पत्ता छापला जाई. एखादा फोटोग्राफर एका पत्त्यावर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत होता हे पानापानाने पाहिले की तुमचा फोटो त्या खिडकीत बसतो. त्याच्या जोडीला जनगणनेची पाने पाहावीत, १८४१ ते १९२१ पर्यंतची उपलब्ध आहेत. १९३१ची आगीत जळाली आणि १९४१ची झालीच नाही, त्यामुळे तिथे १९३९ची नोंदणी कामी येते.

काउंटीच्या सीमेचा घोळही लक्षात ठेवा. पूर्व आणि पश्चिम ससेक्सचे वेगवेगळे कौन्सिल १८८९ पासून आहेत, पण १९७४च्या एप्रिलमध्ये हेवर्ड्स हीथ, बर्जेस हिल, ईस्ट ग्रिन्स्टेड ही गावे पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. गॅटविक तोपर्यंत सरे काउंटीत होते. म्हणून क्रॉलीजवळच्या शेताचा किंवा जुन्या विमानतळाचा फोटो शोधताना ‘सरे’ ही खूण दिसली तर ती चूक समजून खोडू नका, आणि मध्य ससेक्सच्या गावांसाठी ब्रायटनजवळ फॅल्मरला २०१३ साली उघडलेले ‘द कीप’ हे अभिलेखागार आणि चिचेस्टरचे रेकॉर्ड ऑफिस, दोन्हीकडे विचारा. जागा नेमकी करायला ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे मैलाला पंचवीस इंची नकाशे सर्वांत उपयोगी. ससेक्सचे पहिले १८७०च्या दशकात झाले, पुढच्या आवृत्त्या नंतर निघाल्या, आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ते फुकट पाहायला ठेवले आहेत. फोटोतला एखादा पंप, भट्टी, चौकातली विहीर त्यावर ठिपक्याने दाखवलेली असते.

आता खास तुमच्याशी बोलायचा विषय. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनच्या हिरवळीवर बसलेले फेटेवाले जखमी सैनिक, हे फोटो मराठी ग्रुपांवर दर वर्षी फिरतात आणि खाली ‘आपले मराठा वीर’ असे लिहिलेले असते. अभिमान समजतो, तो आम्हालाही आहे. पण ही ओळ बहुतेक वेळा कोणत्याही पुराव्याशिवाय लिहिलेली असते आणि त्यामुळे ज्यांचा तो फोटो आहे त्या गढवाली, शीख, पंजाबी मुसलमान, डोगरा, गुरखा जवानांची ओळख पुसली जाते.

वस्तुस्थिती अशी आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या डिसेंबरपासून १९१६च्या जानेवारीपर्यंत, पॅव्हिलियनचा राजवाडा आणि शेजारच्या डोम व कॉर्न एक्स्चेंज या इमारती मिळून भारतीय सैनिकांसाठी इस्पितळ होते, सातशेहून अधिक खाटांचे. यॉर्क प्लेसच्या शाळेत दुसरे आणि एल्म ग्रोव्हच्या जुन्या वर्कहाउसमध्ये (निराधारांच्या आश्रयगृहात) किचनर इस्पितळ हे तिसरे. पॅव्हिलियनमध्ये धर्म आणि जातीनुसार नऊ स्वयंपाकघरे होती, हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. ब्रायटनचे फोटोग्राफर ए. एच. फ्राय यांनी अधिकृत फोटो काढले आणि त्यांची कार्डे मोठ्या संख्येने विकली गेली. हिंदुस्थानात आणि जगात दाखवण्यासाठी काढलेले हे फोटो आहेत हे विसरू नये. स्वच्छ चादरी, झुंबराखाली ओळीने मांडलेल्या खाटा, हसरे चेहरे त्यांत आहेत. बाहेर मोकळे फिरायला बंदी होती, ती मात्र त्यांत दिसत नाही. १९१६च्या एप्रिलपासून तेच पॅव्हिलियन हातपाय गमावलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी वापरले गेले, म्हणून निळसर कोट, पांढरा सदरा आणि गळ्यात टाय असलेले रुग्ण दिसले तर तो नंतरचा काळ. कृष्णधवल फोटोत निळा रंग राखाडी दिसतो, पण गणवेशाचा सैलपणा आणि टाय ओळखू येतात. दक्षिणेकडचे घुमटाचे इंडियन गेट १९२१च्या ऑक्टोबरमध्ये उभे राहिले, त्यामुळे ज्या फोटोत ते गेट आहे तो इस्पितळाच्या काळचा असूच शकत नाही. आणखी एक नेहमीची गल्लत: हँपशरमधल्या ब्रॉकनहर्स्ट आणि तेव्हा त्याच काउंटीत असलेल्या बॉर्नमथच्या भारतीय इस्पितळांचे फोटो ब्रायटनच्या नावावर खपवले जातात. मागे पाइनची झाडे आणि तंबू-झोपड्या असतील तर आधी तिकडे शोधा.

मग मराठी माणूस त्यांत नव्हताच का? असू शकतो. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या फ्रान्समध्ये होत्या आणि २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेलच्या हल्ल्यात त्यांची मोठी हानी झाली. या कंपन्यांत मराठ्यांबरोबर शीख आणि मुसलमानही होते. त्यामुळे फोटोत एखादा मराठा आहे असे म्हणायचे असेल तर खांद्यावरची धातूची अक्षरे भिंगाने वाचा, कार्डाच्या मागचा मजकूर पाहा, इस्पितळाच्या नोंदीशी ताडा. फेट्याच्या बांधणीवरून प्रांत ठरवणे धोक्याचे. इस्पितळात मिळालेल्या कपड्यांत माणसे बसवून फोटो काढलेले असतात.

नोंद आधी वाचावी, याचे उदाहरण म्हणजे ब्रायटनजवळच्या पॅचमच्या टेकडीवरचे ‘छत्री’ हे स्मारक. तिथे ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले. मुसलमानांचे दफन सरेमधल्या वोकिंगला. छत्रीचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी केला आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचे अनावरण झाले. त्या ५३ जणांची नावे तिथेच दगडावर कोरून २०१० साली लावली आहेत आणि युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीत पलटणीसकट मिळतात. दर जूनमध्ये तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो. मंडळाच्या फलकावर फोटो छापण्याआधी ती यादी एकदा वाचा.

फोटो हाती आल्यावर नेमके काय करायचे तेही सांगतो. आधी डबा सापडला तसा, क्रम न मोडता, मोबाइलने टिपून ठेवा. मग प्रत्येक फोटोची पुढची आणि मागची बाजू स्कॅन करा, पुठ्ठ्याच्या चारही कडा दिसतील अशी. पोस्टकार्डाला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरे. साडेपाच बाय साडेतीन इंचांच्या कार्डाचे ३३०० बाय २१०० पिक्सेल येतात आणि रंगीत टिफ फाइल सुमारे २० एमबीची होते. लहान पुठ्ठ्याला १२०० ठेवा. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत करा, कारण पिवळेपणा, शाईचा रंग, शिक्का हाही पुरावा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रत जपून ठेवायची प्रत समजू नका, तिथे फाइल चेपली जाते. रंग भरणारी आणि चेहरा ‘स्पष्ट’ करणारी अ‍ॅपे मूळ प्रतीला लावूच नका. ती नवा चेहरा तयार करतात, दुकानाच्या पाटीवरची अक्षरे निरर्थक करून टाकतात, आणि पुढच्या माणसाला ते कळतही नाही.

फोटोमागे लिहायचेच असेल तर मऊ शिसपेन्सिलने, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई वर्षानुवर्षांनी पाझरते. चिकटपट्टी नको. १९७०च्या दशकातले चिकट पानांचे अल्बम प्रिंट पकडून ठेवतात. तिथून फोटो ओढून काढू नका, पान आहे तसे स्कॅन करा. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो तर अजिबात सोलू नका, थर काचेवरच राहतो.

काचेच्या निगेटिव्ह सापडल्या तर अधिक सांभाळा. त्या एकावर एक रचू नका, वजनाने तळची तडकते. लांब कडेवर उभ्या ठेवा, प्रत्येकीला आम्लविरहित कागदाचे चार घड्यांचे पाकीट. चकचकीत बाजू ही काच, मंद बाजूवर प्रतिमेचा थर. धूळ मऊ ब्रशने फक्त चकचकीत बाजूवरून झाडा, पाणी लावू नका. पारदर्शक निगेटिव्हसाठी वरून प्रकाश देणाऱ्या फ्लॅटबेड स्कॅनरवर चकचकीत बाजू खाली ठेवली की थर घासत नाही आणि डावे-उजवेही बरोबर येते. उलटे झाले की नाही हे दुकानाच्या पाटीवरून किंवा कोटावरून कळते; पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. मात्र लोखंडी पत्र्यावरचे टिनटाइप, समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोवाल्यांचे आवडते, मुळातच आरशासारखे उलटे असतात. ते तसेच स्कॅन करा आणि टिपेत लिहा.

लवचीक फिल्म चिकट, तपकिरी झाली असेल आणि तिला तिखट आम्लाचा वास येत असेल तर ती नायट्रेट असू शकते, १९५०च्या आसपासपर्यंत ती वापरात होती. ती ज्वालाग्राही असते. घरात, गाडीत उन्हात ठेवू नका, टपालाने पाठवू नका. रेकॉर्ड ऑफिसला आधी फोन करा. व्हिनेगरचा वास येत असेल तर अ‍ॅसिटेट, तिला आगीचा तसा धोका नाही पण ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

फोटोखाली लिहायची ओळ अशी असावी: ‘ब्रायटन, मरीन परेडखालचा किनारा, १८९१ ते डिसेंबर १८९६, पुरावा: चेन पिअर उभा, पॅलेस पिअरचे खांब दिसतात, सापडला: हॅनोव्हर भागातल्या घराच्या माळ्यावर, टिनच्या डब्यात.’ खात्री आणि तर्क वेगळे ठेवा. प्रिंट तुमची असली तरी कॉपीराइटचे हक्क तुमचे असतातच असे नाही; ब्रिटनमध्ये ते फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ७० वर्षे चालतात. मालक सापडत नसेल तर इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी ऑफिसकडून परवाना घेता येतो. ओळखू येणारी, हयात असू शकतील अशी मुले फोटोत असतील तर प्रकाशित करण्याआधी थांबा.

संग्रह द्यायचा झाला तर डबा घेऊन थेट दारात जाऊ नका. चार-पाच स्कॅन, एकूण किती प्रिंट आणि किती काचा, कुठे सापडल्या, एवढे आधी ईमेलने कळवा. रेकॉर्ड ऑफिस सगळेच घेत नाही. त्यांच्याकडे आधीच असलेले छापील पोस्टकार्ड ते नाकारतील, पण नाव लिहिलेला कौटुंबिक अल्बम किंवा दुकानाचा अंतर्भाग बहुधा हवा असतो. कायमची देणगी, ठेव, किंवा स्कॅन करून परत, यांपैकी काय ते फॉर्मवर सही करण्याआधी ठरवा. अल्बम फोडून चांगले चांगले फोटो आपल्याकडे ठेवू नका. उरलेल्या पानांवर रिकाम्या चौकटी आणि खाली सुबक अक्षरात नावे, असे अल्बम आमच्याकडे आले आहेत.

मंडळांनी एवढे करावे: दिवाळीच्या किंवा गणपतीच्या कार्यक्रमात एक टेबल, एक फ्लॅटबेड स्कॅनर, मऊ पेन्सिली आणि भिंग ठेवावे, आणि सभासदांना घरातले सापडलेले फोटो डब्यासकट आणायला सांगावे. मागची बाजू वाचायला आम्ही येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपले,
ससेक्सच्या जुन्या फोटोंवर काम करणारे काही मराठी स्वयंसेवक